रँसची शॅम्पेन तळघरे: किती पाहावीत, आणि न पिणाऱ्या मैत्रिणीने आत यावे का?

मृद्गंध, १९ ऑगस्ट, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण अशा दोघी आठ दिवसांसाठी पॅरिसला जात आहोत. त्यातले दोन दिवस आम्ही शॅम्पेन प्रांतासाठी राखले आहेत. रँस आणि एपर्ने या दोन्ही गावांतील तळघरे पाहण्याची माझी पुष्कळ वर्षांची इच्छा आहे. वाचून वाचून मी एक लांबलचक यादी केली आहे, आणि तिच्यात सहा घरांची, म्हणजे शॅम्पेन तयार करणाऱ्या कंपन्यांची, नावे आहेत.

अडचण अशी, की माझी मैत्रीण मद्य घेत नाही आणि पुढेही घेणार नाही. ती माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. "तू आत जाऊन ये, मी बाहेर बाकावर पुस्तक वाचत बसते," असे तिने मला मोकळेपणाने सांगितले आहे. हे वाक्य ऐकल्यापासून मला चैन पडत नाही. पैसे साठवून, रजा जुळवून दोघींनी मिळून केलेल्या प्रवासात एकीने बाकावर बसावे, हे मला मान्य नाही. म्हणून दोन प्रश्न विचारते. दोन दिवसांत किती तळघरे पाहणे शहाणपणाचे ठरेल? आणि जिला चव घ्यायचीच नाही, तिच्यासाठी त्या जमिनीखाली पाहण्यासारखे खरोखर काही आहे का? ज्यांनी ही तळघरे प्रत्यक्ष पाहिली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पेठेतला_प्रवासी, १९ ऑगस्ट, सकाळी १०:०२

सहा घरे हा आकडा कृपया विसरा. आम्ही दोघा मित्रांनी एका दिवसात चार तळघरे पाहिली, आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत बसल्यावर कोणती भिंत कोणत्या घराची होती, हे दोघांपैकी एकालाही सांगता येईना. प्रत्येक ठिकाणी साधारण एक ते दीड तासाची भेट असते. आधी एक चित्रफीत, मग जिने, मग बोगदे आणि शेवटी पेला, हा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच आहे. दुसऱ्या घरापर्यंत उत्सुकता टिकते, तिसऱ्यापासून पाय दुखू लागतात. दिवसाला एक, फार तर दोन.

शुभ्रा, १९ ऑगस्ट, सकाळी १०:४०

शाल किंवा स्वेटर जवळ ठेवा. बाहेर कितीही ऊन असले तरी खाली बाराही महिने १० ते १२ अंश तापमान असते.

सीनकाठ, १९ ऑगस्ट, दुपारी २:१५

मी गेली अकरा वर्षे पॅरिसजवळ राहते आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन रँसला अनेकदा गेले आहे. प्रथम जाण्यायेण्याचे सांगते. पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकावरून वेगवान गाडीने रँस सुमारे ४५ मिनिटांवर आहे. तिकीट काढताना मात्र स्थानकाचे नाव नीट पाहा, कारण काही गाड्या गावातल्या स्थानकावर न जाता 'शॅम्पेन-आर्देन' या गावाबाहेरच्या स्थानकावर थांबतात आणि तिथून ट्रामने गावात यावे लागते. रँस ते एपर्ने हे अंतर साध्या गाडीने अर्ध्या तासाचे आहे. गावाचे नाव 'रीम्स' असे उच्चारलेत तर स्थानिक माणसाला चटकन कळत नाही. 'रँस' म्हणताना अनुनासिक स्पष्ट येऊ द्या.

आता मुख्य प्रश्न. दोन गावांची तळघरे एकाच प्रकारची नाहीत, हे लक्षात घेतले की निवड सोपी होते. एपर्नेच्या 'आव्हन्यू द शॅम्पेन' या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठी घरे आहेत आणि त्यांच्याखाली खोदलेल्या बोगद्यांचे जाळे पसरले आहे. एकट्या मोएट-शांदाँची तळघरे २८ किलोमीटर लांब आहेत. रँसमध्ये सँ-निकेझ टेकडीखाली जे आहे, ते याहून फार जुने आहे. तिथे गॅलो-रोमन काळापासून बांधकामासाठी खडूचा दगड काढत. त्या खाणींचे उभे खड्डे तसेच राहिले आणि १८ व्या शतकापासून शॅम्पेनच्या घरांनी ते आपल्या बाटल्यांसाठी वापरायला घेतले. या खड्ड्यांना 'क्रेयेर' म्हणतात. रुइनार, तेतँजे, व्हव क्लिको, पॉमरी या घरांकडे असे खड्डे आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोने या प्रांतातील द्राक्षमळे, घरे आणि तळघरे जागतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यात या टेकडीचा समावेश आहे.

भूगोल शिकवणाऱ्या बाईंना बाकावर बसवायचे असेल तर तो बाक क्रेयेरच्या तळाशी ठेवा, एवढेच मी म्हणेन. त्या स्वतःहून उठून भिंतीकडे जातील.

हळदगाव, १९ ऑगस्ट, सायंकाळी ६:३०

सीनकाठताईंनी क्रेयेरचा उल्लेख केला, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. मी सांगलीजवळचा आहे आणि आमच्या हरिपूरची हळदीची पेवे मी लहानपणापासून पाहिली आहेत. पेवाचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढेच असते आणि खाली पोट मोठे होत जाते. रँसमध्ये एका खड्ड्याच्या तळाशी उभा राहून मी वर पाहिले, तेव्हा दूरवर छताशी उजेडाचा लहानसा चौकोन दिसला, आणि मी सोबतच्या मित्राला म्हणालो, "अरे, हे तर पेवच!" तोंड अरुंद ठेवून खाली रुंद होत जाणारा आकार, पाऊस आणि थंडी आत कमी शिरावी ही योजना, वर्षभर एकसारखे हवामान, सगळे तेच. फरक एवढाच, की आमच्याकडे मातीत हळद जपली आणि त्यांच्याकडे खडूत द्राक्षाचा रस.

आमच्याकडे पेव उघडल्यावर काही तास तसेच ठेवतात आणि आधी कंदील खाली सोडून तो विझत नाही ना, हे पाहूनच माणूस उतरतो. ती शिस्त आठवल्यामुळे मी त्या खड्ड्यात पहिल्यांदा उतरताना नकळत थांबलो होतो. तुमच्या मैत्रिणीला न पिता पाहण्यासारखे काय आहे, असे तुम्ही विचारलेत. त्या टेकडीखाली मी जे पाहिले त्यातले निम्म्याहून अधिक मी पेल्याला हात लावण्याआधीच पाहून झाले होते.

गोदातीर, १९ ऑगस्ट, रात्री ९:०५

मला थोडे वेगळे सांगायचे आहे. इतक्या लांब जाण्याआधी आपल्या दिंडोरीला जाऊन या. तिथेही पारंपरिक पद्धतीने बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली फेसाळ वाईन तयार होते आणि ती कशी होते ते पाहायला मिळते. तिला शॅम्पेन म्हणता येत नाही, कारण ते नाव त्या प्रांताचे आहे, पण कृती तीच आहे. नारायणगावलाही १९८० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने अशी वाईन तयार झाली होती आणि ती परदेशातही गेली होती. आपल्या जवळचे पाहून मग लांबचे पाहिले, तर तिथे विचारायचे प्रश्न तरी योग्य पडतील.

जुनीवही, १९ ऑगस्ट, रात्री १०:२०

हा सल्ला चांगला आहे. पण जमले तर एपर्नेजवळच्या ओव्हिले गावालाही जा. शॅम्पेनचा शोध लावणाऱ्या दों पेरिन्यों या साधूची समाधी तिथल्या चर्चमध्ये आहे.

सीनकाठ, १९ ऑगस्ट, रात्री ११:००

जुनीवही, समाधीचे बरोबर आहे, पण शोधाचे नाही. दों पेरिन्यों १६६८ पासून ओव्हिलेच्या मठाचा कारभार पाहत होते आणि १७१५ मध्ये वारले. त्यांच्या काळात वाईनमध्ये बुडबुडे येणे हा दोष मानला जात होता आणि तो कसा टाळावा, याचीच त्यांना काळजी होती. निरनिराळ्या मळ्यांची द्राक्षे एकत्र करून चव कशी साधावी, हे त्यांचे खरे कौशल्य. साखर घालून वाईन फेसाळ करण्याची नोंद तर इंग्लंडमध्ये १६६२ साली रॉयल सोसायटीसमोर वाचलेल्या निबंधात सापडते. 'मी तारे चाखतो आहे' हे त्यांच्या तोंडी घातलेले वाक्य फार नंतरच्या जाहिरातीतून आले आहे. गाव मात्र अतिशय सुंदर आहे. दुकानांवर टांगलेल्या लोखंडी पाट्या पाहत हिंडायला एक सकाळ पुरते.

जुनीवही, २० ऑगस्ट, सकाळी ७:३०

दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. मी गेली कित्येक वर्षे हीच गोष्ट लोकांना सांगत आलो होतो, ती आता थांबवतो.

शोधाचा मान द्यायचाच असेल तर तो बाटली स्वच्छ करण्याच्या युक्तीला द्यावा, असे मला वाटते, आणि ती युक्ती एका विधवेच्या घरची आहे. बार्ब-निकोल पाँसार्दां या १८०५ मध्ये २७ व्या वर्षी विधवा झाल्या आणि त्यांनी सासरचा धंदा स्वतः चालवायला घेतला. 'व्हव क्लिको' या नावातील 'व्हव' म्हणजे विधवा. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण झाले की यीस्टचा साका तळाशी बसतो आणि वाईन गढूळ दिसते. १८१६ च्या सुमारास त्यांच्या घरी तिरप्या फळीला भोके पाडून त्यांत बाटल्या उलट्या खोचण्याची आणि रोज थोड्या फिरवण्याची रीत बसवली गेली. तसे केले की साका हळूहळू उतरून बुचाशी येतो आणि तिथून काढून टाकता येतो. पुढे लुईझ पॉमरी यांनीही १८५८ मध्ये पतीच्या मृत्यूनंतर धंदा हाती घेतला आणि १८७४ मध्ये, गोड शॅम्पेनचा काळ असताना, कोरडी शॅम्पेन बाजारात आणली. दोन मैत्रिणी जात आहेत, तर या दोन बायकांची घरे त्यांनी अवश्य पाहावीत.

दिंडोरीकर, २० ऑगस्ट, दुपारी १:४५

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे. गोदातीर यांनी आमच्या गावाचे नाव घेतले, याचा आनंद झाला. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये, नेमक्या तोडणीच्या दिवसांत, मी आणि माझा एक बागायतदार मित्र असे दोघे शॅम्पेनला गेलो होतो. तळघरांबद्दल इथे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी वरच्या जमिनीबद्दल लिहितो. खाली जे काही दिसते ते वरून आलेले असते आणि बहुतेक प्रवासी वर पाहतच नाहीत, ही माझी तक्रार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तिथे द्राक्षे हातानेच तोडावी लागतात. यंत्राने तोडणी करायला परवानगी नाही. त्याचे कारण मला गाळपाच्या ठिकाणी उभे राहिल्यावर कळले. त्यांच्या तीन मुख्य जातींपैकी पिनो न्वार आणि मनिए या दोन काळ्या आहेत, फक्त शार्दोने पांढरी. काळ्या द्राक्षाच्या सालीचा रंग रसात उतरू द्यायचा नसेल तर घड अख्खा, न फुटता गाळपावर यायला हवा. म्हणून हात. दुसरी गोष्ट, एका गाळपात ४००० किलो द्राक्षे घालतात आणि त्यातून २५५० लिटर रस घेतला की थांबतात. त्यातला पहिला २०५० लिटर सर्वांत उत्तम मानतात. घडात रस उरलेला असतो, पण त्याची शॅम्पेन करता येत नाही. शेवटचा थेंब पिळून काढायची सवय असलेल्या आम्हा दोघांना ते पाहून आधी आश्चर्य वाटले आणि मग आदर वाटला.

आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. तिकडे हिवाळ्यात वेल पूर्ण झोपते आणि एकच छाटणी पुरते. त्यांना भीती एप्रिलमधल्या गोठवणाऱ्या रात्रींची. कोवळे फुटवे वाचवण्यासाठी काही जण ओळींमध्ये मेणाचे मोठे दिवे लावतात. आम्हाला भीती अवकाळीची आणि गारपिटीची. गारपिटीची भीती त्यांनाही आहेच. त्यांच्यातला एक वयस्कर शेतकरी हातवारे करून गारेचा आकार दाखवू लागला, तेव्हा माझ्या मित्राने न बोलता मान हलवली. त्या क्षणी दुभाष्याची गरज पडली नाही.

ताई, माझा सल्ला असा, की मोठी घरे सगळी सोडू नका, पण एक भेट शेतकऱ्याच्या घरी ठेवा. त्या प्रांतात सुमारे ३४,००० हेक्टर द्राक्षे आहेत आणि त्यांतली बहुतेक जमीन मोठ्या घरांच्या नव्हे, तर सुमारे १६,००० शेतकऱ्यांच्या मालकीची आहे. बहुतेक जण द्राक्षे मोठ्या घरांना विकतात, काही जण स्वतःची शॅम्पेन स्वतः करतात. बाटलीच्या लेबलावर बारीक अक्षरांत 'आर.एम.' असेल तर ती शेतकऱ्याने आपल्याच द्राक्षांची केलेली, 'एन.एम.' असेल तर व्यापारी घराची.

पेठेतला_प्रवासी, २० ऑगस्ट, दुपारी ३:१०

दिंडोरीकर, आपण लिहिलेले फार आवडले, परंतु पहिल्यांदा जाणाऱ्यांना शेतकऱ्याकडे पाठवण्याबाबत मी सहमत नाही. गावोगावी बस क्वचितच असते, कितीतरी शेतकऱ्यांना इंग्रजी येत नाही आणि आधी फोन किंवा पत्र न पाठवता गेलात तर दार बंद मिळते. मोठ्या घरी वेळ ठरलेली असते आणि माहिती सांगणारा माणूस प्रशिक्षित असतो.

सीनकाठ, २० ऑगस्ट, दुपारी ४:००

दोघांचेही बरोबर आहे. रँसमध्ये मोठे घर पायी किंवा बसने पाहावे आणि शेतकऱ्याकडे जायला एखादी लहान गाडी भाड्याने घ्यावी, किंवा दोन-तीन ठिकाणे दाखवणारी अर्ध्या दिवसाची सहल घ्यावी. चालवणारीने चाखू नये. तुमच्या बाबतीत तर चालवणारी तयारच आहे.

अबोली, २० ऑगस्ट, रात्री ८:५०

माझ्या आईचे गुडघे दुखतात आणि आम्हालाही पुढच्या वर्षी जायचे आहे. पॉमरीला किती पायऱ्या आहेत?

जुनीवही, २० ऑगस्ट, रात्री ९:२५

अबोलीताई, पॉमरीला ११६ पायऱ्या आहेत आणि त्या उतरून जमिनीखाली सुमारे ३० मीटर जावे लागते. एपर्नेचे मेर्सिए हे घर लिफ्टने खाली नेते आणि लहानशा आगगाडीतून तळघरे दाखवते, म्हणून गुडघ्यांसाठी ते बरे. ही भेट सध्या चालू आहे ना, हे मात्र आधी विचारून घ्या. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी २४ बैल जुंपून नेलेले त्यांचे प्रचंड पिंपही तिथे आहे. त्यात दोन लाख बाटल्यांची वाईन मावत असे.

मृद्गंध, २१ ऑगस्ट, सकाळी ८:००

एवढ्या आपुलकीने लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. हळदगाव यांचे पेवाचे उत्तर मी मैत्रिणीला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिने विचारले, "त्या खडूत शिंपले दिसतात का गं?" बाक आपोआप रद्द झाला आहे. यादी सहावरून तीनवर आणली आहे: रँसमध्ये दोन मोठी घरे आणि मोंताञ द रँस या टेकडीवरच्या एका गावात एक शेतकरी कुटुंब. परत आल्यावर इथेच लिहीन.

मृद्गंध, १६ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

कबूल केल्याप्रमाणे लिहायला बसले आहे. आधी न जमलेले सांगते.

पहिल्या दिवशी सकाळी ज्या घरी गेलो, ते फार नावाजलेले आहे. आमच्या गटात तीस-पस्तीस माणसे होती. माहिती सांगणारी मुलगी पुढे झपाझप चालत होती आणि मागच्यांना तिचा आवाज ऐकू येत नव्हता. माझी मैत्रीण भिंतीवरची एक खूण पाहायला क्षणभर थांबली, तर मागच्या माणसाने तिला पुढे सरकण्याची विनंती केली. पन्नास मिनिटांत आम्ही दुकानात उभ्या होतो. बाहेर आल्यावर मैत्रीण काहीच बोलली नाही, आणि तिचे ते न बोलणे मला फार लागले. हा सगळा आग्रह माझा होता.

दुपारी पॉमरीला गेलो. पेठेतला प्रवासी यांचे ऐकून मध्ये तीन तास मोकळे ठेवले होते, ते उपयोगी पडले. त्या वेळात आम्ही कॅथीड्रलमध्ये बसून होतो. शागाल या चित्रकाराने केलेल्या काचांमधून निळा उजेड फरशीवर पडला होता. मन शांत झाल्यावर मग टेकडीकडे निघालो.

त्या ११६ पायऱ्या सरळ रेषेत उतरत जातात. प्रत्येक दहा-पंधरा पायऱ्यांनंतर हवा बदलल्याचे गालाला कळत होते. खाली पोहोचल्यावर पहिल्याच खड्ड्यात मैत्रीण थांबली आणि या वेळी तिला कोणीही पुढे ढकलले नाही, कारण गट आठ जणांचा होता. तिने परवानगी विचारून भिंतीला तळहात टेकवला. भिंत थंड आणि किंचित ओलसर होती. हात काढल्यावर तळव्यावर पिठासारखा पांढरा थर आला होता. तिरप्या, समांतर रेघा भिंतभर वरपर्यंत गेल्या होत्या. त्या कुदळीच्या होत्या. कोणीतरी शतकांपूर्वी तो दगड वरून खाली कोरत आणला होता आणि त्याचा प्रत्येक घाव तसाच होता.

"अगं, वीस वर्षे मी हातात खडू धरते आहे," ती म्हणाली, "पण आपल्या शाळेतला तो बहुधा जिप्समचा असतो. खरा खडू आज पहिल्यांदा हाताला लागला." मग ती सांगू लागली आणि गटातले दोघे-तिघे जवळ सरकून ऐकू लागले, तेव्हा मी तिचे बोलणे इंग्रजीत सांगत राहिले. तिथे एकेकाळी उथळ, उबदार समुद्र होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची कवचे तळाशी साचत गेली आणि त्यांचा हा दगड झाला. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्यातून आला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. हा पांढरा खडू त्याच्याही आधीचा. हा दगड स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो आणि कोरड्या दिवसांत वेलींच्या मुळांना ते परत देतो, म्हणून वरच्या मळ्याला जे उपयोगी तेच खालच्या बाटलीलाही. दिंडोरीकरदादा, तुम्ही वर आणि खाली यांचा जो संबंध सांगितला होतात, तो मला तिच्या तोंडून पुन्हा ऐकायला मिळाला.

पुढे बोगद्यांना जगातल्या शहरांची नावे दिलेली पाहिली आणि भिंतीत कोरलेली मोठी शिल्पे पाहिली. पहिल्या महायुद्धात रँसवर तोफांचा मारा होत असताना गावकरी अशाच तळघरांमध्ये राहत होते आणि मुलांच्या शाळाही इथेच भरत होत्या, हे ऐकून ती शिक्षिका म्हणून फार हलली. मुले कुठे बसत असतील, फळा कुठे टांगत असतील, हे ती मला पुढचे दोन बोगदे विचारत होती.

शेवटी मला पेला मिळाला आणि मी तो सावकाश घेतला. तिने पाणी घेतले. आम्ही दोघी एकाच टेबलाशी बसलो होतो.

हळदगाव, १६ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

ताई, वाचून समाधान झाले. आणि शिंपले? ते दिसले का?

मृद्गंध, १६ नोव्हेंबर, दुपारी १:००

दुसऱ्या दिवशी दिसले, आणि तेही तळघरात नव्हे, मळ्यातल्या पायवाटेवर. शेतकरी बाईंना मी गाडीतून फोन केला होता. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होते, मला फ्रेंच जेमतेम येते, पण त्यांना मैत्रिणीचा प्रश्न कळताच त्यांनी आम्हाला आधी मळ्यात नेले. पाने पिवळी पडली होती. पायाखालच्या पांढऱ्या ढेकळांतून त्यांनी बोटाएवढा, पेन्सिलीच्या टोकासारखा एक दगड उचलून दिला. मैत्रिणीने तो ओळखला. ते बेलेम्नाइट होते, माकूळासारख्या प्राण्याच्या अंगातला टणक भाग. तिने तो हातात फिरवून पाहिला आणि परत जागेवर ठेवला.

नंतर त्यांनी घराखालचे छोटे तळघर दाखवले. तिथे भोके पाडलेल्या तिरप्या फळ्या होत्या, एका फळीत ६० बाटल्या. आता मोठ्या घरांत हे काम बहुतांशी यंत्राचे पिंजरे करतात आणि आठवड्याभरात उरकतात, हाताने त्याला सहा-एक आठवडे लागतात. बाईंनी दोन्ही हातांनी एकेका बाटलीचा तळ धरून एक अष्टमांश फिरवला आणि पुन्हा खोचला. टक-टक, टक-टक, असा काचेचा लाकडावर आवाज येत राहिला. मैत्रिणीनेही चार बाटल्या फिरवल्या. तिने पेला घेतला नाही, पण त्या चार बाटल्यांतला साका तिच्या हाताने बुचाकडे सरकला, हे मला फार आवडले.

दिंडोरीकर, १६ नोव्हेंबर, सायंकाळी ७:२०

ताई, साका काढताना पाहिलात का? आम्ही गेलो तेव्हा ते काम चालू नव्हते.

मृद्गंध, १६ नोव्हेंबर, रात्री ८:१०

हो, त्यांच्या मुलाने दोन बाटल्यांवर करून दाखवले. बाटलीची मान उणे २५ अंशांच्या आसपासच्या खारट द्रावात बुडवतात, म्हणजे बुचाशी आलेला साका बर्फाच्या छोट्या खुंटीत गोठतो. टोपण काढले की आतल्या दाबाने ती खुंटी फट्दिशी बाहेर उडते. मग कमी झालेली जागा थोडी वाईन आणि साखर घालून भरतात. एका लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर बाटलीवर 'ब्रूत' लिहितात. बुडबुड्यांचा दाब वातावरणाच्या पाच ते सहा पट असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून अधिक. जुन्या काळी काच फुटत असे, म्हणून तळघरातले कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालत. आम्हाला मिळालेल्या बाटलीने साक्यावर तीन वर्षे काढली होती. कायद्याने साध्या शॅम्पेनला एकूण निदान १५ महिने तळघरात ठेवावे लागते.

पेठेतला_प्रवासी, १६ नोव्हेंबर, रात्री ९:००

मी माझे मत बदलतो. शेतकऱ्याकडे जाण्याबद्दल मी उगाच धास्ती घातली. पुढच्या वेळी मीही तिथूनच सुरुवात करीन. बाटल्या किती आणल्यात?

मृद्गंध, १६ नोव्हेंबर, रात्री ९:३५

दोन. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, आणि ७५० मिलिलिटरच्या तीन बाटल्या त्या मर्यादेबाहेर जातात. दोन्ही कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवल्या होत्या.

अबोलीताई, तुमच्या आईंसाठी: शेतकरी बाईंच्या तळघराला फक्त चौदा पायऱ्या होत्या. ठरवण्याआधी फोनवर पायऱ्या विचारा, लोक आनंदाने सांगतात.

एक बाटली गेल्या रविवारी भावाच्या घरी उघडली. शेतकरी बाईंनी सांगितले होते, की बूच धरून ठेवायचे आणि बाटली फिरवायची, म्हणजे आवाज न होता ते सुटते. तसेच केले. बूच सुटल्यावर खालच्या बाजूने फुगून अळंबीसारखे झाले. मैत्रिणीने ते मागून घेतले. शुक्रवारी तिने ते आठवीच्या वर्गात नेले, सोबत बाटलीत न गेलेले एक सरळ, जाडजूड बूच ठेवले, आणि हे एवढे जाड लाकूड त्या मानेत कसे शिरले आणि आत कोण ढकलत होते, असे मुलांना विचारले. तास संपल्याची घंटा झाली तरी उत्तरे चालू होती, असे तिने मला रात्री फोनवर सांगितले. पुढच्या वर्षी ती दिंडोरीला वर्ग घेऊन जाणार आहे. दिंडोरीकरदादा, गोडी छाटणी पाहायला मुलांना आणले तर चालेल का?

दिंडोरीकर, १६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

अवश्य आणा. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात या, आणि मुलांना सकाळी सातपर्यंत बागेत पोहोचवा. ऊन चढण्याआधी छाटणी चांगली दिसते.